परिचारिकेने वकिलीची सनद का घेऊ नये?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या वेळी चार शब्द बोलण्याचे काम आपले चिटणीस माझ्याकडे सोपवितात, आणि मीही दरवर्षी अभ्यासाचे महत्त्व, वेळेचा सदुपयोग असल्या ठरीव विषयांवर बोलून आपल्या टाळ्या घेतो. यंदा तसे करावयाचे नाही असे मी ठरविले आहे. आज मी उभा आहे तो एका चुकीची कबुली देण्यासाठी. ती चूक आपल्या शिष्यवृत्ती समितीच्या हातून घडली आणि तिच्या कागदावर इतर चौघांबरोबर माझीही सही आहे.

गतवर्षी समितीकडे एक अर्ज आला. अर्ज करणारी आपल्याच समाजातील मुलगी. मुलगी म्हणतो खरा, पण वय वर्षे बत्तीस. नागपुरातील एका रुग्णालयात ती परिचारिका आहे. तिला कायद्याच्या त्रैवार्षिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता आणि तीन वर्षांच्या फीपुरते साहाय्य तिने मागितले होते. समितीने तो अर्ज दहा मिनिटांत निकालात काढला. नियमाप्रमाणे वयोमर्यादा पंचवीस. शिवाय अर्जदार स्वतः कमावती. शिवाय एक चांगला धंदा हाती असता दुसऱ्याच्या मागे लागण्याचे कारण काय? सर्वांचे एकमत झाले. एकमत लवकर होते तेव्हा विषयाचा विचार फारसा झालेला नसतो, हे चाळीस वर्षे शिक्षकांच्या सभांत बसून मला कळावयास हवे होते.

तिचे नाव मी येथे घेत नाही. तशी तिचीच विनंती आहे. परंतु तिची हकीकत सांगण्यास तिने मला परवानगी दिली आहे.

तिचे वडील एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी उभारलेली ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. आपल्यापैकी कितीएक घरांतील चुली त्या वर्षी मंदावल्या, हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको. ते गृहस्थ टिमकीतील घरी परत येऊन दुसऱ्याच्या मागावर रोजाने बसू लागले. आई कांड्या भरीत असे. मुलगी तेव्हा माझ्या हाताखाली चौथीत होती. अक्षर सुरेख, पण त्याहून विशेष म्हणजे तिची वही. वर्गात फळ्यावर जे लिहिले असेल ते तर तीत असेच, शिवाय आज कोण गैरहजर होते, खिडकी कोणी फोडली आणि गुरुजींनी मारले ते कोणाला, याचीही तारीखवार नोंद असे. एकदा मी चुकीच्या मुलास शिक्षा केली होती हे त्या वहीनेच मला दाखविले. त्या वेळी मला राग आला होता.

बारावी झाल्यावर वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पोरीले काय शिकवावं सांगा. दोन वर्षांत भाकर मिळंल असं सांगा." मी परिचर्येचा अभ्यासक्रम सुचविला. शिक्षण संपताच काम मिळण्याची खात्री, आणि नागपुरात मेयो आहे, मेडिकल आहे, खाजगी रुग्णालये तर गल्लोगल्ली आहेत. तेव्हाही आपल्या समाजातील काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळ कोठून मिळणार, असे मला तोंडावर विचारण्यात आले. मी त्यांना एक उदाहरण दिले आणि आज तेच आपणांसही देतो, कारण आपल्या नव्या पिढीला ते विस्मृत झाले आहे.

सीताबर्डीवरून जाताना मातृसेवा संघाची पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. तो संघ १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या सहकार्याने स्थापन केला. कमलाताई बालविधवा होत्या. त्या काळी पांढरपेशा घरातील विधवेने माजघराबाहेर पाऊल टाकणे हीच मोठी गोष्ट, आणि या बाईंनी तर येथील डफरिन रुग्णालयात, ज्याला आज आपण डागा म्हणतो तेथे, परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेतले. बाळंतिणीचा विटाळ धरणाऱ्या समाजात बाळंतपणे करणे हाच त्यांनी आपला धर्म मानला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने, जे १९०९ साली सुरू झाले, ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्या शिकविण्याची सोय केली होती. त्याच वाटेवरचे हे नागपुरातले पाऊल होते. पुढे १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. १९८१ साली त्या निवर्तल्या. ज्या कामाबद्दल एकेकाळी त्यांना नावे ठेवण्यात आली असतील, त्या कामासाठी आज आपल्याच सुना-लेकी त्यांच्या संस्थेच्या दारात रांगेत उभ्या असतात.

त्याच सुमारास दुसरा एक दरवाजा किलकिला होत होता. स्त्रीने वकिली करावी की नाही याविषयी या देशात मोठा वाद होता. कलकत्त्याच्या न्यायालयाने १९१६ साली आणि पाटण्याच्या न्यायालयाने १९२१ साली पदवीधर स्त्रियांचे अर्ज केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून फेटाळले. अखेर १९२३ साली कायदा करावा लागला की स्त्री असणे ही वकिलीस अपात्रता नव्हे. आपल्या महाराष्ट्रातील मिठनबाई टाटा, पुढच्या मिठन लाम, त्याच वर्षी विलायतेत बॅरिस्टर झाल्या आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचे वडील काही काळ पुलगावच्या कापडगिरणीत नोकरीस होते, ही गोष्ट मागावर पोट भरलेल्या आपल्या समाजाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही १९२३ चीच आणि येथील विधी महाविद्यालय १९२५ चे. म्हणजे परिचर्येचे दार आणि कायद्याचे दार ही दोन्ही या शहरात एकाच अर्धदशकात उघडली. परंतु एका दारातून आत गेलेली बाई दुसऱ्या दारातून बाहेर आली, असे मात्र आपण क्वचितच पाहिले. अमेरिकेत हेलन क्रायटन या बाई परिचारिकाही होत्या आणि वकीलही. परिचारिकांना ठाऊक असावयास हव्या अशा कायद्यांवर त्यांनी १९५७ साली ग्रंथ लिहिला. आपल्याकडे तशी वाट पडलेली नाही.

आता या मुलीच्या मनात हे आले कसे, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एके सकाळी ती माझ्या घरी आली. रात्रपाळी करून सरळ आली होती. हातात एक इंग्रजी पत्र होते. "गुरुजी, हे जरा वाचून पाहा न," म्हणाली. ती कारणे दाखवा नोटीस होती. मी तीनदा वाचली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्द कळले, डाव कळला नाही. हकीकत अशी होती की, ती त्या वेळी ज्या खाजगी रुग्णालयात होती, तेथे पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक वृद्ध रुग्ण रात्री अत्यवस्थ झाला. तिने डॉक्टरांना दोनदा दूरध्वनी केला आणि दोन्ही वेळा घड्याळ पाहून तक्त्यावर नोंद केली. डॉक्टर पहाटे आले. रुग्ण दुपारी वारला. संध्याकाळी तिला सांगण्यात आले की तक्त्याचे पान खराब झाले आहे, नवीन पान लिहून दे. पान खराब झालेले नव्हते. तिने नकार दिला. चौथ्या दिवशी, रुग्णाच्या प्रकृतीची सूचना वेळेवर दिली नाही, असा ठपका ठेवणारी ही नोटीस तिच्या हाती पडली.

मी तिला माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे घेऊन गेलो. माणूस सज्जन आणि आपल्या कामात मुरलेला. त्यांनी तक्त्याची प्रत समोर घेतली आणि थांबले. त्यांना त्यातले एक अक्षर उलगडेना. मग ही पोर त्यांना सांगू लागली. नाडी दहा वाजता शहाण्णव, बारा वाजता एकशे दहा, दोन वाजता एकशे तीस, रक्तदाब त्याच हिशेबाने खाली, लघवीचे प्रमाण घटलेले, कपाळावर घाम. "म्हणजे, साहेब, पोटात आत कुठंतरी रक्तस्राव होत होता. हे दोन वाजता कागदावर आहे आणि दोन वाजून दहा मिनिटांनी मी फोन केला तेही कागदावर आहे." वकीलसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, "बाई, हे समजून घ्यायला मला एखाद्या डॉक्टरची फी द्यावी लागली असती." आणि मग, हसतच, "तुम्हीच का नाही वकील होत?"

नोटिसीला उत्तर गेले. पुढे काहीही झाले नाही. तीन महिन्यांनी तिने आपणहून ती नोकरी सोडली. त्या वृद्धाच्या घरचे लोक शव घेऊन गेले होते, ते परत आले नाहीत. रुग्णाच्या उपचारांचे कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ते देण्याचे बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर घातले आहे, हे त्यांना कोण सांगणार होते? मलाही ते ठाऊक नव्हते. येथे बसलेल्या आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी विचारीत नाही. फक्त नोंदवून ठेवा, कधी ना कधी उपयोग पडेल.

वकीलसाहेबांचे ते हसण्यावारी नेलेले वाक्य तिने मात्र मनावर घेतले. परिचर्येची तिची शाळा म्हणजे पदविका. ती पदवी नव्हे, आणि पदवीवाचून त्रैवार्षिक विधी अभ्यासक्रमास प्रवेश नाही. तेव्हा तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले. तीन वर्षे ती रात्री रुग्णांच्या उशाशी आणि सकाळी पुस्तकाशी जागली. येथे एक सूचना करून ठेवतो. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, परंतु त्याआधी दहावी आणि बारावी रीतसर झालेली असावी लागते. बारावी न होता घेतलेली पदवी बार कौन्सिल मान्य करीत नाही. आपल्या समाजातील दोन मुले या अज्ञानापायी फसली आहेत. पदवीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा. तीही ती उत्तीर्ण झाली. आणि मग आपल्या समितीकडे अर्ज केला.

अर्ज फेटाळल्यानंतर ती मला भेटावयास आली. रागाने नव्हे, मूळ प्रमाणपत्रे परत न्यावयाची होती. तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने तिला विचारले, की अगं, परिचारिका म्हणून लोकांची सेवा होतेच आहे, मग न्यायालयात उभी राहून तू जास्त काय करणार? त्यावर तिने मला जे सांगितले, ते मी पुढे पडताळून पाहिले, आणि त्यामुळेच मी आज येथे उभा आहे.

तिने मला एक खटला सांगितला. जुलै १९६३. औरंगाबादचे सरकारी रुग्णालय. एका बाईची प्रसूती झाली आणि तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप चढला, पोट फुगले, वेदना थांबेनात. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत कापडाचा तुकडा सापडला. त्याला शस्त्रक्रियागृहात मॉप म्हणतात. रक्त टिपण्यासाठी तो वापरतात. पहिल्या वेळी तो आतच राहिला होता. त्याच महिन्यात ती बाई वारली. पतीने दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी खालच्या न्यायालयाचा निर्णय पुन्हा कायम केला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. पोटात कापड राहिले ही गोष्टच निष्काळजीपणाचा पुरावा होय आणि सरकारी डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दल सरकार जबाबदार आहे, असे न्यायालय म्हणाले. त्रेपन्न नव्हे, तेहतीस वर्षे लागली म्हणून समाधान मानावयाचे काय? त्या बाईचे बाळ तोवर तेहतीस वर्षांचे झाले असेल.

हा खटला सांगून मुलगी म्हणाली, "गुरुजी, पोट शिवण्याआधी मॉप मोजण्याचं काम आमचं. किती दिले, किती परत आले. नर्स मोजते आणि मोठ्यानं सांगते. आकडा जुळल्याशिवाय टाका पडत नाही. वकिलानं कोर्टात पहिला प्रश्न काय विचारावा? मोजणीचा कागद कुठं आहे? हा प्रश्न मला पुस्तकातून शिकावा लागणार नाही." तिच्या व्यवसायात असे धरतात की जे लिहिले नाही ते केले नाही. मला तिची चौथीतील वही आठवली.

हे झाले रुग्णाच्या बाजूचे. परिचारिकेच्या बाजूचेही तिने सांगितले, आणि ते मला अधिक टोचले. ९ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशुकक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. त्या बातमीने तुमचे माझे सर्वांचेच अन्न गोड लागले नव्हते. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या रुग्णालयात आगीने अकरा रुग्ण दगावले, तेथेही एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांना अटक झाली. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ठरविणे माझे काम नव्हे. परंतु दुर्घटनेच्या वेळी पाळीवर कोण होते, याचे उत्तर हजेरीपटावर परिचारिकेच्या नावाने तयारच असते. विजेच्या तारा कोणी बसविल्या, त्या कधी तपासल्या, याचे उत्तर शोधावे लागते.

आणि नवा कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या हातून उपचार करीत असता तसे घडल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे. या व्यवसायीची व्याख्या कलमातच आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने मान्य केलेली अर्हता आणि वैद्यकीय नोंदपटावर नाव. परिचारिकेचे नाव तेथे नसते, ते परिचर्या परिषदेच्या नोंदपटावर असते. म्हणजे एकाच खाटेशी, एकाच रात्री, एकाच रुग्णासंबंधी दोघांच्या हातून चूक झाली, तर डॉक्टरला जास्तीत जास्त दोन आणि परिचारिकेला पाच. मी ते कलम एका वकिलांकडून दोनदा वाचून घेतले. डॉक्टरांना सवलत मिळाली याचे मला दुःख नाही. त्यांच्या संघटनांनी आपले म्हणणे योग्य ठिकाणी मांडले. परिचारिकांचे म्हणणे कायद्याच्या भाषेत मांडणारे कोणी त्या वेळी पुढे असते तर, असे मात्र वाटून गेले.

परिचारिकांचे ऐकण्याची न्यायालयाची तयारी नाही असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्या शुद्धीवर अशा कधी आल्याच नाहीत. तेथील परिचारिकांनी त्यांची सेवा १८ मे २०१५ पर्यंत, त्या वारेपर्यंत, केली; पिढ्या बदलल्या, पण अंगाला व्रण पडू दिला नाही. त्यांना शांतपणे मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की या रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार, म्हणजे वादमित्र होण्याचा अधिकार, रुग्णालयातील ज्यांनी तिची इतकी वर्षे सेवा केली त्यांचा आहे. मी कायद्याचा पंडित नाही. पण रुग्णाची सेवा करणाऱ्याला रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने दिला असेल, तर त्या अधिकाराला वकिलीचा झगा घालण्याची इच्छा बाळगणाऱ्या मुलीला आपली समिती कोणत्या तोंडाने नको म्हणते?

आता समितीच्या आक्षेपांकडे वळतो. ते सारे पोकळ होते असे मी म्हणणार नाही.

वयाचे म्हणाल, तर विधी शिक्षणासाठी वयाची अट बार कौन्सिलने २०१६ साली पुन्हा लावली होती आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ज्या गोष्टीला सर्वोच्च न्यायालय आडवे आले, ती आपल्या मंडळाच्या नियमावलीत मात्र ठाण मांडून बसली आहे. शिवाय फौजदारी कायदे आणि पुराव्याचा कायदा २०२४ साली सर्वच बदलल्यामुळे पन्नाशीचे वकीलही पुन्हा पाठांतरास बसले आहेत. आरंभ करावयास याहून बरी वेळ कोणती?

ती कमावती आहे हे खरे. परंतु हिशेब पाहा. बार कौन्सिलच्या नियमांनी सत्तर टक्के हजेरी मागितली आहे. म्हणून दिवसा महाविद्यालय आणि रात्री पाळी असा तिचा क्रम आहे, आणि महिन्यातील काही दिवस बिनपगारी रजा. घरी आई आहे, वडील गेले. पुढे सनद घेताना नोकरी सोडावीच लागेल, कारण पूर्ण वेळ पगारी नोकरी करणाऱ्यास वकिली करता येत नाही. एक गोष्ट अनुकूल झाली आहे. सनदेच्या नोंदणीसाठी निरनिराळ्या राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वरपर्यंत रक्कम घेत असत. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती ७५० रुपयांवर, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणून ठेवली. त्यानंतर अखिल भारतीय परीक्षा. त्यानंतर कोणा ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. शहरातील कनिष्ठ वकिलास महिना किमान वीस हजार द्यावे असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. पण ती केवळ शिफारस आहे, आणि शिफारशीने घरभाडे भागत नाही. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे ओढग्रस्तीची जाणार, हे तिला ठाऊक आहे. तिने मला स्वतःच्या हाताने लिहिलेला पाच वर्षांचा जमाखर्च दाखविला. त्यात सणाच्या साड्यांचा रकाना कोरा होता.

तिसरा आक्षेप कागदावर नव्हता, पण खोलीत होता: हिचे लग्न कधी होणार? त्याचे उत्तर समितीच्या अधिकारातले नाही. मी ते सोडून देतो.

राहिला शेवटचा. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले की परिचर्येची बारा वर्षे मग फुकटच गेली ना? तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. आपल्या आज्यांनी ताणा करताना दिवस दिवस चालून काढले. कापड विणावयास बसल्यावर त्यांतला एक तरी दिवस कोणी फुकट गेला म्हटले होते काय? त्या बारा वर्षांत या मुलीने माणसे मरताना पाहिली आहेत, नातेवाइकांना खोटे बोलताना आणि खरे बोलताना ऐकले आहे, कागद कसा लिहिला जातो आणि कसा बदलला जातो हे पाहिले आहे. आपल्या जिल्हा न्यायालयात आणि खालच्या न्यायालयांत मराठीतून काम चालते. तेथे टिमकीची किंवा पाचपावलीची एखादी बाई नवऱ्याच्या मृत्यूचे कागद घेऊन येईल, तेव्हा तिला समोर बसवून ते तिच्या भाषेत उलगडून सांगणारी वकील मिळेल. असा एकही वकील आज आपल्या समाजात नाही. डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, त्यांचे सत्कार आपण आताच केले.

माझी सूचना लहानशी आहे. शिष्यवृत्तीच्या नियमावलीतील पंचवीस वर्षांची मर्यादा काढून टाकावी. नोकरी करून शिकणाऱ्या अर्जदारासही पात्र धरावे. आणि गतवर्षी फेटाळलेला तो अर्ज नव्याने समितीपुढे ठेवावा. मी समितीवर राहून ही सूचना मांडणे बरे दिसणार नाही, म्हणून आज सकाळीच माझा राजीनामा चिटणिसांच्या हाती दिला आहे. ती मुलगी आज येथे आलेली नाही. काल रात्रीची पाळी करून ती सकाळी झोपली असेल. उद्या तिची सत्र परीक्षा सुरू होते.

सूचनेच्या तीन प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. सर्वसाधारण सभा जेवणानंतर तीन वाजता आहे आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नववा आहे. नवव्या विषयापर्यंत आपण सहसा कोणी थांबत नाही. आज कृपा करून थांबावे.